नवीन पंप अ‍ॅक्शन बारा बोअर घेतलीत? मग आधी तेल आणा, टॉर्च नंतर बघू

आमच्या वाडीत पहिली पंप अ‍ॅक्शन आली तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलेलं, "पंप म्हणजे फवारणीचो काय रे?" हसू आलं तेव्हा. (पुढची मूठ, म्हणजे पंप, मागेपुढे करून काडतूस भरायची ती पंप अ‍ॅक्शन, आणि बारा बोअर हे नळीचं माप.) पण नंतर ओळखीतल्या चारपाच जणांनी घेतली आणि त्यांचं सामान बघितल्यावर वाटलं, फवारणीच्या पंपाची सुद्धा लोक याहून जास्त काळजी घेतात.

सगळ्यांचं एकच. बंदूक घरी आली की रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, आणि आठवड्यात टॉर्च, रेड डॉट (नेम धरायची लाल ठिपक्याची काच), काडतुसांची पट्टी, पिस्तुलासारखी मूठ असं सगळं ऑर्डर. तेल, ब्रश, कुलूप यांचं नाव नाही. मग पावसाळाभर बंदूक फोमच्या पेटीत, आणि गणपतीला मुंबईहून आलेल्या भावाला दाखवायला म्हणून काढली तर नळीवर चॉकलेटी ठिपके. मी स्वतः पण यातलं अर्धं केलंय, त्यामुळे दुसऱ्यांना हसायचा हक्क मला नाही. म्हणून क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण पुढच्या पायरीवर काय घ्यायचं ते मागच्या पायरीवर ठरतं.

पायरी १: परवाना समोर घ्या आणि वाचा

झेरॉक्स नाही, मूळ परवाना. बंदुकीचा नंबर, बोअर, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), काडतुसं किती बाळगता येतात, हेतू काय लिहिलाय, कुठल्या हद्दीत चालतो आणि कधी संपतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. आजोबांची ठासणीची तुमच्या नावावर असेल तर ती पण त्यात मोजा.

आता याचा अ‍ॅक्सेसरीशी काय संबंध, असं वाटेल. भरपूर आहे. शस्त्र कायदा १९५९ मध्ये हत्याराचे सुटे भाग हेसुद्धा हत्यारच धरलेत. म्हणजे परदेशी वेबसाईटवर जास्तीची नळी आवडली म्हणून मोबाईलवरून मागवली, की ती चप्पल मागवल्यासारखी घरी येत नाही. कस्टमला अडकते आणि मग तुम्ही अडकता. आवाज किंवा जाळ कमी करणारी जोडणी तर कायद्याच्या व्याख्येत स्वतःच बंदुकीत मोडते, तेव्हा "नुसती नळकांडी आहे" हे कोणाला सांगू नका. नळी कापून आखूड करणं कलम ६ खाली येतं, त्याला वेगळी परवानगी लागते. २० इंचापेक्षा आखूड गुळगुळीत नळी आपल्यासारख्यांना मिळणाऱ्या वर्गातच नाही. शेतीसंरक्षणासाठी कायद्याने मुळात ठासणीचीच सांगितलीय, ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची देता येते आणि तिथेही नळी किमान २० इंच. तुमची कशी मिळाली ते तुम्हाला माहीत, पण ती हातातून जाईल असं काही करू नका.

आणि तो तुमच्या ओळखीचा लेथवाला, जो बोटीचं इंजिन सुद्धा जुळवतो, तो कितीही हुशार असला तरी बंदूक त्याच्याकडे नेऊ नका. दुरुस्तीला पण परवाना लागतो. परवानाधारक दुकानदार किंवा कारागीर, बस. सावंतवाडी-कोल्हापूरला एखादी फेरी पडली तरी चालेल.

मग आपल्या हातात काय उरलं? पुष्कळ उरलं: दस्त्याचा रबरी पॅड, पट्टा, साफसफाईचं सामान, कुलूप, कपाट, कानाचे बोळे, चष्मा, टॉर्च. नवशिक्याला लागणारं सगळं यातच आहे.

> सावधान: शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, तो वेगळाच चालतो. डुक्कर कितीही नासधूस करू दे, मारायचा असेल तर वनखात्याची परवानगी लेखी हवी. गवा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत, तिकडे नळी वळवायचीच नाही. आणि लग्नात, वरातीत, पालखीपुढे हौसेचा बार काढलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पायरी २: काही न लावता बंदूक ओळखा

ही पायरी सगळे गाळतात. आपल्याकडे बहुतेकांचा हात सिंगल बार किंवा डबल बारवर, म्हणजे एकनळी-दोननळी बंदुकीवर, बसलेला असतो. ती मधे वाकवून उघडली की नळीत काडतूस आहे की नाही ते समोर दिसतं, विषय संपला. पंपात तसं नाही. चेंबर (नळीचा मागचा, काडतूस बसायचा भाग) रिकामं आणि खालच्या नळकांड्यात, म्हणजे मॅगझिनमध्ये, चार भरलेली असं असू शकतं, तुम्ही चेंबर बघून "रिकामी आहे" म्हणून पडवीत टेकवून ठेवता आणि कोणीतरी पोरगा कौतुकाने पंप मागेपुढे करतो की झाली भरलेली. म्हणून एकच सवय आधी लावा:

१. बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला. कोकणातल्या घरात ती दिशा आधी ठरवून ठेवा, कारण भिंती मातीच्या किंवा चिऱ्याच्या असल्या तरी दारं-खिडक्या उघड्या असतात आणि माळ्यावर कोण असेल सांगता येत नाही.
२. बोट घोड्यापासून (ट्रिगरपासून) लांब, सेफ्टी लावलेली.
३. पंप मोकळा करायची कळ दाबून पंप पूर्ण मागे.
४. चेंबर बघा, करंगळी घालून चाचपा. मग खालचं नळकांडं, तिथे काडतुसाची पितळी बूड दिसते का रंगीत फॉलोअर (काडतुसं ढकलणारी चकती), ते बघा आणि बोटाने पण चाचपा. रात्री तर नुसत्या डोळ्यावर विश्वासच नको.

हे दरवेळी. एका मिनिटापूर्वी केलं असेल तरी परत.

कंपनीतून आलेल्या बंदुकीला जाड चिकट ग्रीस फासलेलं असतं, ते साठवणुकीसाठी असतं, वापरासाठी नाही. ते पुसून हलकं तेल लावल्याशिवाय पंप जड चालतो, आणि लोक म्हणतात पीसच खराब आला. आमच्या एकाने तर दुकानदाराशी भांडण काढलं, नंतर कळलं ग्रीस पुसलंच नव्हतं.

मग डमी काडतुसं घ्या. शंभरेक वेळा भरणं, पंप, काढणं. पंपवाल्यांची सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पंप अर्धवट मागे ओढणं. घाईत हात अर्ध्यावरून परत पुढे येतो, रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही किंवा नवीन वर चढत नाही, आणि अडकतं. त्यावर कुठलीही अ‍ॅक्सेसरी नाही. पंप मागे ठोक्यापर्यंत, पुढे ठोक्यापर्यंत, जोरात, लाजत लाजत नाही. डमी आणि खरी काडतुसं एका खोलीत नकोत. खरी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवूनच सराव करायचा.

खरे बार काढायचे ते रायफल क्लबच्या रेंजवर, किंवा पोलीस ठाण्यात विचारून परवानगीच्या जागी. "आमच्याच कलमाच्या बागेत काढले" हे उत्तर ऐकून कोणी गप्प बसत नाही. आणि पहिल्या बारापासून कानात बोळे, डोळ्यावर चष्मा. बारा बोअरचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४० च्या वरचा एक आवाज पण कान कायमचा बिघडवू शकतो. साधे फोमचे बोळे तीसेक डेसिबल कमी करतात, किंमत चहाच्या कपाएवढी. गावातले जुने बंदूकवाले आज "काय? काय म्हणालास?" करत असतात ना, ते वयामुळेच असं नाही.

तपासणी: पंचवीसेक बार आणि शंभर-दोनशे डमी झाल्यावर एका कागदावर लिहा, नेमकं काय टोचलं? खांदा? मान वाकवावी लागली? सेफ्टीपर्यंत अंगठा जात नाही? डावखुरे आहात? हा कागद हीच तुमची खरेदीची यादी.

पायरी ३: दस्ता मापाचा करून घ्या

खांद्याला जो दणका बसतो त्यात काडतुसाचा वाटा असतोच, पण बऱ्याचदा दस्ताच मापाचा नसतो. कंपनीचा दस्ता घोड्यापासून मागच्या टोकापर्यंत साधारण १४ इंच. आपल्यातला साडेपाच फुटी माणूस तो धरतो तेव्हा तो लांब पडतो, दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर जातो आणि निळा डाग पडतो.

बंदूक रिकामी करून (पायरी २, परत) नेहमीच्या कपड्यात खांद्याला लावा आणि दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा. नाक आणि मुठीचा अंगठा यात दोनतीन बोटं अंतर हवं. नाक अंगठ्याला टेकत असेल तर दस्ता आखूड, हात ताणला जात असेल तर लांब.

रबरी पॅड तीन प्रकारचे मिळतात. मोज्यासारखा वरून चढवायचा, स्क्रूच्या भोकांना तयार बसणारा, आणि घासून मापाला आणायचा. पहिला सोपा पण तो लांबी अर्धा-पाऊण इंच वाढवतो हे कोणी सांगत नाही, म्हणजे आधीच लांब असलेला दस्ता आणखी लांब. शिवाय पावसाळ्यात त्याच्या आत पाणी आणि घाम साठतो, लाकडी दस्ता असेल तर आतून काळा पडतो. माझं मत तयार बसणाऱ्याचं. दस्ता लाकडी असेल तर जून ते सप्टेंबर तो फुगतो आणि हिवाळ्यात आकसतो, त्यामुळे पॅडचे आणि दस्त्याचे स्क्रू वर्षातून दोनदा तपासायचे. लाकडाला वर्षातून एकदा अळशीचं तेल, पातळ हात, पुसून कोरडं.

पिस्तुलासारखी मूठ लावून मागचा दस्ताच काढून टाकायची फॅशन आहे ना, ती नको. नेम लागत नाही, मनगट मोडायची पाळी येते, आणि बंदुकीचं रूप बदललं म्हणून विचारणा झाली तर उत्तर तुम्हीच द्यायचं.

पायरी ४: गंज

इथे मी जरा जास्त बोलणार आहे. कारण इथेच बंदुका मरतात.

पावसात आपल्याकडे हवेत ओलावा इतका की मीठ बरणीत वितळतं, पापड मऊ पडतात आणि चपलेला बुरशी येते. समुद्राजवळ राहणाऱ्यांना त्यात खारी हवा. मीठ ओलावा ओढून धरतं, आणि मिठाचा थर असलेलं लोखंड नुसत्या ओल्या लोखंडापेक्षा फार लवकर गंजतं. देवगड, मालवण, वेंगुर्ला, गुहागर, कुठेही खाडी किंवा किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर घाटावरच्या माणसाचा "महिन्यातून एकदा तेल लावतो" हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. जून ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा पुसायची, आणि हाताळली की दरवेळी, कारण घामात पण मीठच आहे.

काय घ्यायचं:

- बारा बोअरची सळी, शक्यतो जोडाची नको, एकसंध. जोडाची असेल तर जोड घट्ट आहेत ना बघा, सैल जोडाची कड नळी आतून खरवडते.
- पितळी किंवा ब्राँझचा ब्रश, लोकरीचा मॉप, आणि जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या. त्या विकतच्या पॅचपेक्षा चांगल्या.
- नळी साफ करायचं सॉल्व्हंट आणि बंदुकीचं तेल. बंदुकीचं मिळालंच नाही तर शिलाई मशीनचं पातळ तेल तात्पुरतं चालतं.
- सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या, रंग बदलणाऱ्या, म्हणजे कधी भरल्या ते कळतं. तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात.
- सिलिकॉन लावलेला कापडी मोजा, अख्खी बंदूक जाईल असा.

काय नाही घ्यायचं, ते जास्त महत्त्वाचं.

खोबरेल. हो, मला माहितीय घरात डबाच्या डबा भरलेला असतो आणि आजोबा तेच लावायचे. आजोबांची ठासणीची होती, तिच्यात हलणारे भाग ते किती! खोबरेल २४ अंशाच्या खाली गोठतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे तेवढी थंडी असतेच. शिवाय काही महिन्यांत ते खवट होऊन चिकट राळेसारखं बसतं. पंपाच्या सळ्यांवर आणि घोड्याच्या पेटीत ते बसलं की मग पंप ओढताना दळण दळल्यासारखं वाटतं. मी एक हिवाळा हे केलंय. कारागिराने खोलून आतलं दाखवलं आणि काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

गंज सोडवायचा तो निळ्या डब्यातला स्प्रे. पाणी हाकलायला आणि चिकटलेलं सोडवायला उत्तम आहे, पण चार महिने राहणारं संरक्षण तो देत नाही. पावसात भिजून आलात तर तो मारा, पुसा, आणि मग वरून खरं तेल लावा. नुसता तोच मारून कपाटात ठेवलीत तर पंधरा दिवसांनी पश्चात्ताप.

फोमची पेटी. दिसते एकदम सिनेमातली. प्रवासाला घ्या, पण ठेवायला नाही. फोम स्पंजासारखा ओल धरतो आणि बंदुकीच्या अंगाला चिकटवून ठेवतो, गंज बरोब्बर फोमच्या आकारात उमटतो. रेक्झिनचं कव्हरही तसलंच.

नळीच्या तोंडात कापडाचा बोळा. ही आपल्याकडची खास सवय, "आत दमट हवा जायला नको" म्हणून. उलटं होतं, आतली ओल आतच राहते. आणि गडबडीत तो बोळा काढायचा विसरून बार काढला तर नळी फुटते, तुमच्या डाव्या हाताच्या अगदी पुढे. बोळा न घालता सुद्धा कुंभारीण माशी तेच काम करते हे विसरू नका. भिंतीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात मातीचं घर बांधते ना तीच, पंधरा दिवस बंदूक उघड्यावर टांगलेली राहिली की तिला नळी फार आवडते.

साफ करायचा क्रम:

१. रिकामी आहे का, चेंबर आणि नळकांडं.
२. पंप मधे घेऊन पुढची टोपी उघडा, नळी काढा. स्प्रिंगवर दाब असतो, टोपी काढताना तुमचं तोंड टोपीसमोर धरू नका.
३. ब्रश चेंबरच्या बाजूने घालून तोंडाकडे. उलट केलं तर सगळी घाण आत घोड्याच्या पेटीत.
४. सॉल्व्हंट, दहा मिनिटं चहा प्या, ब्रश, चिंधी. चिंधी स्वच्छ येईपर्यंत.
५. तेलाचा मॉप एकदा, मग कोरडी चिंधी एकदा. तेलाचा पातळ थर हवा. पुरी तळायची नाहीय. चेंबरमध्ये तेल साठू देऊ नका.
६. पंपाच्या सळ्या, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा), नळकांड्याचा बाहेरचा भाग. हे नळकांडं पंपाच्या मुठीखाली झाकलेलं असतं म्हणून ते राहून जातं आणि तिथेच सगळ्यात आधी गंज धरतो.
७. पट्ट्याच्या कड्या, पॅडचे स्क्रू, नळीवरचा नेम धरायचा मणी. लहान वस्तू आधी गंजतात.

घोड्याची पेटी, म्हणजे ट्रिगर ग्रुप, पिना ठोकून काढू नका. व्हिडिओत सोपं दिसतं. हवं तर वर्षातून एकदा कारागिराकडे.

शेवटी शिसं हाताला लागलेलं असतं, साबणाने हात धुऊन मगच भाकरीला हात लावा.

तपासणी: पांढरी चिंधी घेऊन पंपाच्या मुठीखालून फिरवा. तांबूस आली तर आठवड्याचा हिशोब कुठेतरी चुकतोय.

पायरी ५: काडतूस आणि चोक

नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते: ७० मिलिमीटर किंवा पावणेतीन इंच, नाहीतर ७६ म्हणजे तीन इंच. जुन्या डबल बार ६५ च्या पण असतात. काडतुसावरही लांबी छापलेली असते, पण ती उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची लांबी. म्हणजे लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये आरामात बसतं आणि माणसाला वाटतं "बसतंय ना, मग चालतंय". चालत नाही. उडताना तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब भयंकर वाढतो. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये चालतं, उलटं कधीच नाही. घरात जुनी ६५ ची पण असेल तर दोघींची काडतुसं वेगवेगळ्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात.

घरात २० बोअर असेल तर त्याहून जास्त सांभाळा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, दिसत नाही, मागून बाराचं भरलं जातं आणि मग नळी राहत नाही.

आपल्याकडे बहुतेक जण खडकीच्या कारखान्याची शक्तिमान वापरतात, त्यात पण ६५ आणि ७० बघून घ्या. दुकानदार घाईत असतो, डबा तुम्हीच वाचा.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी थोडी आवळण, छर्रे किती पसरायचे ते ठरवणारी. मोजायची जुनी पद्धत अशी की ४० यार्डावर ३० इंचाच्या गोलात किती छर्रे येतात. फुल चोक साधारण ७० टक्के, मॉडिफाईड ६०, इम्प्रूव्हड सिलिंडर ५०, आणि अजिबात आवळण नसलेली सिलिंडर ४० च्या आसपास. तुमची नळी स्क्रूच्या चोकची असेल तरच बदलायचा प्रश्न. चोकची चूडी (स्क्रूचे आटे) प्रत्येक बनावटीची वेगळी, मित्राचा "बसतोय" म्हणून लावू नका. चोक काढून तसाच बार काढला तर आतली चूडी जाते, सैल ठेवला तर चोकसकट जातो. आणि फुल चोकमधून एकगोळी (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेलं काडतूस) मारू नका.

नळीला फिक्स चोक असेल तर पायरी संपली, पैसे वाचले. रेंजवर मोठ्या कागदावर वेगवेगळ्या अंतरावरून एकेक बार काढून तुमची नळी किती पसरते ते बघा आणि तो आकडा परवान्याच्या पाकिटात लिहून ठेवा. कुठलीही महागडी दुर्बीण हे सांगणार नाही.

पायरी ६: पट्टा

दोन टोकांचा साधा पट्टा. कातडी दिसतो रुबाबदार पण आपल्याकडे जुलैपर्यंत त्याला हिरवी बुरशी, आणि कातडं ओल धरून कड्यांपाशी गंज आणतं. नायलॉन घ्या, लवकर वाळतो. रुंदी दीड इंच पुरे. चकाकणारी बक्कल, लोंबणारे फिते, काडतुसं खोचायच्या कप्प्यांचा पट्टा हे सगळं करवंदीच्या जाळीत अडकतं, आणि जाळीत अडकलेली बंदूक ओढून काढणं यासारखा मूर्खपणा नाही. कुंपण, गडगा किंवा वहाळ ओलांडताना बंदूक रिकामी, पंप मागे. शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय कधी जाईल सांगता येत नाही.

पायरी ७: मणी आणि टॉर्च

आता आली टॉर्चची पाळी, सातव्या नंबरवर.

नळीवरचा पितळी मणी बहुतेकांना पुरतो. वय झालं असेल, संध्याकाळी दिसत नसेल तर रंगीत फायबरचा मणी लावा, स्वस्त आणि मस्त. रेड डॉट चांगला पण आपल्या दमट हवेत काचेत वाफ धरतो, सेल गंजतात, आणि ज्याला तो बसवायची पट्टी नळीवर नाही त्याला भोकं पाडायची हौस येते. भोकं पाडायची नाहीत.

टॉर्च मी बंदुकीवर लावत नाही, आणि कारण सांगतो. बंदुकीवरच्या टॉर्चने बघायचं म्हणजे जे अजून ओळखलं नाही त्यावर नळी रोखायची. पहिला पाऊस पडला की आपल्याकडे रात्री अर्धा गाव कुर्ल्यांना आणि चढणीच्या माशांना वहाळात असतो, बत्ती बाजूला ठेवून वाकून बसलेला माणूस झाडीतून कसा दिसतो ते एकदा मुद्दाम जाऊन बघा. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. म्हणून हातातली किंवा डोक्यावरची टॉर्च, आधी ओळख, मागे काय आहे ते बघ, मगच बंदूक. पाणी लागून बंद न पडणारी घ्या, आणि सेल बाहेर काढून ठेवता येतील अशी.

पायरी ८: काडतुसं वाहायची आणि ठेवायची सोय

बंदुकीच्या बाजूला स्क्रूने बसणारी काडतुसांची पट्टी फार विकली जाते. तिचे स्क्रू जास्त आवळले की रिसीव्हर (बंदुकीचा मधला, बोल्ट सरकतो तो भाग) दाबला जातो आणि पंप अडकायला लागतो, सैल ठेवले तर हलते, आणि पट्टीच्या मागे पाणी साठून गंज. दस्त्यावर चढवायचा इलॅस्टिकचा बटवा जरा बरा, पण त्यात काडतुसं आठवडाभर ठेवू नका, घामाने बुडाला हिरवट थर चढतो आणि असं काडतूस चेंबरमध्ये चिकटतं. कमरेला साधी झाकणाची पिशवी, घरी आल्यावर मोजून परत डब्यात. किती गेली, किती आली ते वहीत, कारण नवीन घेताना हिशोब विचारतात.

डबा हवाबंद, आत सिलिका जेल, वर महिना-साल. जुनी आधी वापरा. फुगलेलं, चिरलेलं, हिरवं झालेलं काडतूस उन्हात वाळवून वापरायचं नाही, पापड आहेत का ते? दुकानदाराला किंवा ठाण्यात विचारून परत करा.

> सावधान: घोडा दाबला आणि बार झालाच नाही, नुसता टक आवाज, तर नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग पंप मागे. बार झाला पण आवाज मेलेला, दबका वाटला तर पुढचा बार काढूच नका. नळीत काही अडकलंय का ते खोलून उजेडाकडे धरून बघा.

पायरी ९: कुलूप, आणि ठाण्यात जमा करायची वेळ

लोखंडी कपाट, भिंतीला आतून बोल्ट मारलेलं. बाहेरच्या, पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीला टेकवू नका, मधे फळी द्या. बंदूक तोंड खाली करून उभी ठेवली तर जास्तीचं तेल दस्त्यात उतरत नाही. काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या वेगळ्या. घोड्याला लावायचं कुलूप मिळतं, ते रिकाम्या बंदुकीलाच, भरलेल्या बंदुकीला लावताना ते घोड्यालाच लागतं. त्यापेक्षा पंप मागे ठेवून आतून जाणारं केबलचं कुलूप मला आवडतं, लांबूनच दिसतं की ती बंद आहे.

निवडणुका लागल्या की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. तेव्हा बंदूक तुमच्या कपाटात नसते, ठाण्याच्या खोलीत पन्नास बंदुकांबरोबर उभी असते आणि तिथे तिला कोणी तेल लावत नाही. माझी एकदा दोन महिन्यांनी परत आली तेव्हा पंप हलेना. त्यामुळे नोटीस आली की आदल्या दिवशी पूर्ण साफ, नळीच्या आत-बाहेर नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात, टॉर्च, पट्टा, पॅडचा मोजा जे निघतं ते सगळं काढून घरी. सिलिकॉनच्या मोज्यात घालून द्या, बाहेर परवान्याच्या नंबरची चिठ्ठी बांधा. देताना बंदुकीचे चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो आणि नंबरसह पावती घ्या, पावतीत काडतुसं किती दिली ते पण लिहून घ्या. परत आणल्यावर त्याच संध्याकाळी नळी काढून उजेडाकडे धरा, कारण ठाण्याच्या खोलीत पण कुंभारीण माशी असते.